सेट-टॉप बॉक्सवरची बिल्ली

मालेगावच्या डिसेंबरात फजरच्या वुजूचं पाणी ज्यांनी अंगावर घेतलंय, त्यांना आमच्या बिल्लीचं म्हणणं लगेच पटेल. गोधडी आहे, तिच्यासाठी शिवलेली गादी आहे. झोपते मात्र सेट-टॉप बॉक्सवर. पाय पोटाखाली आणि शेपूट पुढे, नेमकी रिमोटचा इशारा पकडणाऱ्या काचेवर.

जुन्या पेटीसारख्या टीव्हीची पाठ रुंद होती आणि ऊबदारही. तिच्या आईचं त्यावर निभावलं. भिंतीवर सपाट टीव्ही आला आणि ती जागा गेली. मग बॉक्स, वायफायचा राउटर, फ्रिजचा माथा, जिथे ऊब तिथे मुक्काम. अंगातली ताकद न खर्चता ऊब टिकवायची तर मांजरीला भोवती साधारण 30 ते 38 अंश तापमान लागतं. आपण पंखा लावतो तेव्हा तिला गारठाच वाटत असणार. रिमोटने बंद केलेला बॉक्सही आतून जागा असतो, वीज खातो, कोमट राहतो. हे तिला न शिकवताच कळलं.

माझी तक्रार जाळीची. तीच झाकली, वर केस आत गेले, की हवा कोंडते आणि बॉक्स तापून अडकतो. मी वर लाकडी पाट ठेवून पाहिला, तर ती पाटाखाली शिरली. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा म्हटलं, तर अम्मी हजरत अबू कतादांना साक्षीला आणते. त्यांनी वुजूचं भांडं मांजरीसाठी तिरकं धरलं होतं आणि मांजर नापाक नाही, ती तुमच्यात वावरणारी आहे, हे प्रेषितांचं (स.) सांगणं ऐकवलं होतं. (झोपलेल्या मांजरीसाठी बाही कापल्याची गोष्ट जास्त गाजली, पण ती हदीसच्या प्रमाण संग्रहांत नाही. वर्गात मी अबू कतादांचीच सांगते.)

खरं कारण अम्मी बोलत नाही. बातम्या अब्बा बघायचे. चॅनल बदलायचं असलं की उठून, दोन बोटांनी शेपूट बाजूला करायचे, बटण दाबायचे आणि शेपूट परत जागेवर ठेवायचे. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. टीव्ही आता लागत नाही. रिचार्ज मात्र अम्मी दर महिन्याला आठवणीने करायला लावते, बिल्लीला थंडी वाजेल म्हणून.

रिचार्ज नसला तरी बॉक्स गरम राहतो, हे मी तिला सांगितलेलं नाही.