पडून राहणं
पाठीत चमक भरली म्हणून डॉक्टरांनी सक्तीनं पडून राहायला सांगितलंय. लातूरच्या भर उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली, की पंखा, कूलर सगळंच गप्प होतं आणि घर ऐकू येऊ लागतं. माठ परातीत ठिपकतो, वर तापलेला पत्रा मधूनच वाजतो.

आमच्याकडे शांततेवर कुणाचा फारसा भरवसा नाही. १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून किल्लारीची माणसं दमून झोपली होती; ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. त्यानंतर कितीतरी वर्षं रात्री सगळं चिडीचूप झालं, की आई उठून बसायची. कुत्री भुंकली म्हणजे तिला बरं वाटायचं. मला हसू यायचं. आता येत नाही.

नांदेडला गेलो, की नगिनाघाटावर बसतो. कीर्तन, रिक्षांचे हॉर्न, पोरांचा गलका. तरी गोदावरीकडं बघताना आतलं काहीतरी बूड टेकतं. इथं आवाज नाही, आणि डोकं मात्र टँकर, लेकीच्या क्लासची फी, राहिलेली नांगरट असं भटकतंय. पाठ सरळ झाली तरी ह्याचं काय करायचं, डॉक्टरांना कसं विचारणार?