बिनतारी

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये सुकाणूशेजारी बसून लॅपटॉपवर मुद्रितशोधन करीत होतो. मांडीवर जागा उरेना, म्हणून बिनतारी हेडफोन होकायंत्राला टेकवून ठेवला. "ते उचला आधी, साहेब," तांडेल म्हणाले. सुई ढळली होती. तार नसली तरी हेडफोनच्या ध्वनिवर्धकात चुंबक असतोच. आणि पृथ्वीच्या क्षीण चुंबकत्वापेक्षा हा शेजारचा चुंबक सुईला अधिक ओढतो. ब्लूटूथ हे नाव 10व्या शतकातल्या हॅराल्ड या डॅनिश राजावरून आले. त्याने विखुरलेले लोक जोडले म्हणून. मी उपकरणे जोडली, आणि साऱ्या उतारूंची दिशा बिघडवली. हेडफोन उचलताच सुई जागेवर आली. तार होती तेव्हा आपण कशात गुंतलो आहोत, हे निदान दिसत तरी असे.