मायना

कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात दोघीजणी एका घरात अडकल्या होत्या. पावसाची झड लागलेली, वीज गेलेली, घरचा कर्ता पुरुष तालुक्याच्या दवाखान्यात. एक सोळा वर्षांची सुमन. दुसरी चोवीस वर्षांची, सुमनच्या वडिलांची दुसरी बायको. दहा प्रकरणं मी त्यांना माणसांच्या गर्दीत सांभाळून ठेवलं होतं. आता मध्ये कुणी नव्हतं, आणि सुमनने काहीतरी बोलायला हवं होतं. ती बोलेना. आंब्याला मोहोर होता तेव्हा मी त्या पानावर थांबले. पहिला पाऊस येऊन गेला तरी पान 112च होतं.

प्रतिभा आटली, असं अशा वेळी म्हणतात. मला ते पटत नाही. शब्द माझ्याकडे होते. रोजची वही भरत होती, मैत्रिणींना लांबच लांब पत्रं जात होती. कोऱ्या कागदाची धास्ती वाटू नये म्हणून मी पाठकोरे कागद पुढ्यात घेऊन बसत असे. त्यांच्यावरही दुसरं काय वाटेल ते उतरत होतं. फक्त त्या घरात शिरलं की हात थांबायचा. मग मी मागची प्रकरणं काढून बसायचे. एखादं विशेषण उडव, एखादा परिच्छेद वरखाली कर. भांडं फार घासलं की त्याची कल्हई जाते, तशी त्या दहा प्रकरणांची रया जायला लागली, तेव्हा ती मी कपाटात ठेवून दिली.

त्या दिवसांत हरिभाऊ आपट्यांचा मला फार हेवा वाटला. 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः वाचकांपुढे ठेवली. एका पुरुषाने यमूच्या तोंडून ‘मी’ म्हणत एवढी मोठी कहाणी सांगायची, तीही वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत असताना. अडून बसायला त्यांना सवड तरी कुठली? आणि दुसऱ्या टोकाला नेमाड्यांची ‘झूल’ आणि ‘हिंदू’. पहिली 1979ची, दुसरी 2010ची. मधली 31 वर्षं त्यांच्या टेबलावर कशी गेली ते त्यांनाच माहीत. पण ते अंतर मोजलं आणि माझे पाच महिने मला जरा हलके वाटले.

खरा आधार मात्र चांगदेवांनी दिला. गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. चौदाशे वर्षं जगलेला हा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यालाच अडला. वयाने ज्ञानदेव पोर, म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानाने ते थोर. तीर्थरूप लिहावं, तर वय आडवं येतं. शेवटी कोराच कागद पाठवला. एवढी वर्षं तप करून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली, म्हणतात. लहानपणी तिचं म्हणणं ऐकून मी हसले होते. आता मला त्या म्हाताऱ्या योग्याची कणव आली. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं असं थोडंच होतं? समोरच्याला काय म्हणायचं, एवढंच त्याला ठरवता येत नव्हतं.

त्या रात्री मी कपाटातून दहा प्रकरणं पुन्हा काढली आणि सुमन आपल्या सावत्र आईला काय म्हणते ते शोधत गेले. काहीच म्हणत नव्हती. “सुमनने विचारलं की” असं लिहून मी प्रत्येक ठिकाणी निसटले होते. आपल्या भाषेत नातं ठरल्याशिवाय साधं ‘ये’ की ‘या’ म्हणता येत नाही. ‘आई’ लिहिलं की सुमन खोटी वाटायची. ‘मावशी’ शेजारणींनी शिकवल्यासारखं. ‘अहो’ म्हटलं की ती सुनेसारखी खाली मान घालून उभी राहायची. आणि ‘तू’ म्हणायला अजून फार वाट चालायची होती. दुखणं कळलं, पण औषध नव्हतं.

ते गिरणीत मिळालं. दळण घेऊन मी बाकावर बसले होते. पट्ट्याची घरघर, गरम पिठाचा वास, कापडी नळ्यावर गिरणीवाल्याची अधूनमधून थाप. आमच्यापुढे बाजरी चालली होती आणि सगळ्यांना गव्हावर गहू हवा होता, म्हणून खोळंबा. शेजारी एक बाई आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी. नातं मला ठाऊक नाही. मुलगी डब्याच्या कडीशी चाळा करत होती. “उशीर होणार का?” “होईल थोडा.” “पैसे द्यायचे राहिलेत का?” “द्यायचेत.” जरा वेळाने डबा भरला. “जड आहे. एकीकडून धरायचा का?” बाईने मान हलवली. दोघींनी दोन बाजूंनी डबा उचलला. पायरी उतरताना बाईने आपल्या हातावरचं पीठ पदराला पुसलं आणि त्याच पदराने मुलीच्या भुवईवर बसलेलं पीठही पुसलं.

त्या रस्ता ओलांडून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, एवढ्या बोलण्यात एकदाही ‘तू’ आलं नाही, ‘तुम्ही’ही नाही. मराठीने ही जागा ठेवलेली आहे. चहा ठेवायचा का? जेवण झालं का? निघायचं ना? क्रियापद माणसाकडे जातच नाही. चहाला, जेवणाला, पैशाला धरून राहतं. नवी सून अशी बोलते, नवा जावई बोलतो, आपणही आयुष्यभर कुणाकुणाशी असंच बोलत आलेलो असतो. मी मात्र पाच महिने सुमनसाठी शब्द शोधत होते. तिला शब्द नकोच होता. ती न म्हणता बोलणार होती.

घरी येऊन दळणाचा डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि बसले. “रॉकेल आहे का थोडं?” सुमन म्हणाली. “कोनाड्यात बघायला हवं,” दुसरी म्हणाली. मग कंदील लागला, काच पुसायला एकच फडकं होतं, छप्पर गळायला लागलं, दोघींनी मिळून धान्याची कणगी सरकवली. संध्याकाळपर्यंत चार पानं झाली.

अकरावं प्रकरण पान 131ला संपलं. त्यात सुमन एकदाच ‘तू’ म्हणते, पान 130वर, पाऊस थांबल्यानंतर.