बोथा घाटातील पळस

हिमालयाच्या उतारावर वसंतात बुरांस फुलतो. त्याच्या तांबड्या शोभेची वर्णने वाचून ‘आपल्याकडे असे काही नाही’ अशी हळहळ सुशिक्षित घरांतून हटकून ऐकू येते. बुरांसास थंड हवा व मोठी उंची लागते, तेव्हा तो आमच्या वऱ्हाडात नाही हे खरे. परंतु फाल्गुनात बुलढाण्याहून बोथ्यावरून खामगावाकडे जो गेला, तो अशी हळहळ पुन्हा करणार नाही.

आम्ही गेलो ते मात्र शोभा पाहण्यास नव्हे. धाकट्या पुतण्याची मुंज ठरली होती. ब्राह्मण बटूस दंड पळसाचाच हवा, आणि तोही त्याच्या केसांपर्यंत पोचेल असा, हा आमच्या काकूंचा आग्रह. बाजारची रंगविलेली काठी त्यांस मुळीच मान्य नव्हती. तेव्हा बटूस बरोबर घेऊन व पिशवीत कोयता टाकून आम्ही सकाळीच निघालो.

पठार संपून अजिंठ्याच्या डोंगराची उतरण लागली. सागाची पाने गळालेली, सालई उघडी पडलेली, गवत वाळून पिवळे झालेले. आणि त्या भकास उतारावर एकाएकी पळस! अंगावर पान म्हणून नाही. काळपट मखमली कळ्यांतून केशरी फुले बाहेर पडलेली, प्रत्येक फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे. ‘किंशुक’ या नावात ‘हा पोपट तर नव्हे?’ असा प्रश्नच दडला आहे असे म्हणतात. जुन्या कवींनी या फुलास निर्गंध म्हणून फार हिणविले. परंतु साळुंक्या, बुलबुल व सूर्यपक्षी यांची त्या फांद्यांवर जी झुंबड उडाली होती, ती पाहता कवींचा हा निवाडा आम्हांस एकतर्फी वाटला. पळसाचे परागसिंचन बहुतांशी पक्षी करतात. आणि पक्षी येतात ते रंग पाहून व मधासाठी. सुवासाचे त्यांस काय होय?

बटूने एक सरळ फांदी हेरली. कोयता बाहेर निघतो न निघतो तोच वनरक्षक पुढे उभा! हे रान १९९७ पासून ज्ञानगंगा अभयारण्य असून सुमारे २०५ चौरस किलोमीटरांच्या त्या टापूत काडीही तोडता येत नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. आम्ही ओशाळलो. बटूचा चेहरा उतरला, तेव्हा त्याने त्यास जवळ घेऊन २०१९ मधील वाघाची हकीकत सांगितली. यवतमाळकडील टिपेश्वरहून निघालेला तो वाघ शेकडो मैल चालून डिसेंबरात याच रानात आला होता. दंडाचे दुःख बटू तेथेच विसरला. काकूंची चिंता आम्हांस उरली.

निघताना वनरक्षकच म्हणाला, “साहेब, पळस काय रानातच असतो? शेताच्या बांधावर पाहा की.”

घाटाखालच्या एका शेतकऱ्याने आपल्या बांधावरची फांदी स्वतः तोडून, तासून दिली. पैसे घेईना. “मुंजीचे लाडू धाडा,” एवढेच म्हणाला.

घरी काकूंनी दंड बटूशेजारी उभा करून पाहिला. तो चार बोटे जास्त भरला. आम्ही कापावयास उठलो, तर त्या म्हणाल्या, “राहू दे हो. मुंजीपर्यंत पोर वाढेल.”