पुढचं हाऊसिंग

"दादा, ही विका आणि फोर-बाय-फोर घ्या. स्वस्त पडेल." मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेही फुकट. मला ते पटायला दीड वर्ष गेलं आणि एक लाख चाळीस हजार रुपये.

गाडी १९९८ची महिंद्रा पिकअप. जीपच्याच घराण्यातली, पुढे-मागे पाटे, आणि आवाज असा की वळणापलीकडूनच घरच्यांनी चहा टाकावा. आमची बाग राजापूर तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बरीच वर. कलमांना खत घालायचं ते जूनमध्ये, आणि वाटेचा लाल चिखल होतो तोही नेमका तेव्हाच. रिकाम्या पिकअपचं सगळं वजन पुढे, इंजिनाखाली; जोर मात्र मागच्या चाकांना. चढावर ती चाकं जागच्या जागी फिरत राहायची. मग हौद्यात दहा-बारा चिरे टाकायचे आणि त्या वजनावर वर जायचं. खत वाहायला घेतलेली गाडी आधी दगड वाहत होती.

२०१२च्या पावसाळ्यानंतर मी हट्टाला पेटलो. माझा हिशोब सोपा होता. पुढचा साधा अ‍ॅक्सल काढायचा, त्या जागी जीपचं पुढचं हाऊसिंग बसवायचं, एक शाफ्ट जोडला की झालं. मिस्त्री हसला. शाफ्ट जोडणार कशाला? टू-व्हीलच्या गिअरबॉक्सला जोर बाहेर काढायला एकच तोंड असतं, मागचं. पुढे जोर न्यायचा तर ट्रान्सफर केस हवी, आणि ती आमच्या गिअरबॉक्सला बसणारी नव्हती. म्हणजे गिअरबॉक्ससकट जोडीच आणायची. ती मागे लांबली की मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा, पुढचा नवा बनवायचा, दोन्ही बॅलन्स करून घ्यायचे. शिवाय हाऊसिंगचा गोळा ज्या बाजूला, ट्रान्सफर केसचं पुढचं तोंडही त्याच बाजूला हवं. हे सगळं मी मान डोलावत ऐकलं आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाऊन आधी हाऊसिंगच उचललं. एका जुन्या जीपचं होतं. दुकानदाराने रेशो सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने हाऊसिंग दोन स्टँडवर ठेवलं. पिनियनच्या फ्लँजवर खडूची एक रेघ मारली, चाकाच्या ड्रमवर दुसरी. मला म्हणाला, "तिकडचा ड्रम घट्ट धरा, हलू देऊ नका." मग इकडचा ड्रम सावकाश दोन फेरे फिरवला. मी फ्लँज मोजत होतो. पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. तेच मागच्या हाऊसिंगला केलं तर पाचला थोडं कमी. "पुढचं त्रेचाळीस-आठ, मागचं एकोणचाळीस-आठ," तो म्हणाला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला. क्राऊनचे दात आणि पिनियनचे दात. फरक दिसायला चार दातांचा, पण मागची चाकं दहा फेरे मारतील तेवढ्यात पुढची नऊच मारणार. दोघांना एकाच जोखडाला बांधलं तर काहीतरी तुटणारच.

३९-८ची क्राऊन-पिनियन मिळायला चार महिने गेले. ती बसवताना मिस्त्रीने दातांना निळी पेस्ट लावली, गिअर फिरवून ठसा पाहिला, नाक मुरडलं, शिम बदलला, पुन्हा ठसा पाहिला. अख्खा दिवस तेच. त्याची मजुरी मला तेव्हा जास्त वाटली होती. तेवढं एकच काम परत उघडावं लागलं नाही. बाकी सगळं उघडलं. गोळा वर इंजिनाला घासत होता, म्हणून पाट्यांखाली ठोकळे घातले. गाडी उंच झाली, तर ब्रेकचे होज अपुरे पडले.

पहिल्या जूनला मात्र गाडी चिऱ्यांशिवाय चढली. लो गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, बैलासारखी. मी एवढा खूश झालो की खाली उतरल्यावर लिव्हर काढायचा विसरलो आणि तसाच डांबरी रस्त्याला लागलो. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग दगड झालं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशोब मिटवतात, डांबरावर तो ताण शाफ्टमध्ये अडकून बसतो. लिव्हर हलेना. शेवटी गाडी थोडी मागे घेतली तेव्हा 'टक्' आवाज झाला आणि लिव्हर सुटला. घरी कोणाला सांगितलं नाही.

पासिंगला गेलो तेव्हा साहेबांनी वाकून खाली पाहिलं. कंपनीने या मॉडेलला हे दिलेलंच नाही, परवानगी कुठाय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. चूक माझीच, विचारायचं ते आधी, मी गेलो नंतर. पुढे जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही असं स्पष्ट केलं, तेव्हा उरलीसुरली आशाही संपली.

आता गाडी बागेबाहेर पडत नाही. मे महिन्यात पेट्या खाली आणते आणि फाटकाच्या आतच उभी राहते. पलीकडे वाशीला जाणारा भाड्याचा टेम्पो लागलेला असतो. गेल्या वर्षी त्याचा ड्रायव्हर पेट्या चढवता चढवता खाली वाकला, हाऊसिंगकडे बघून शीळ घातली आणि विचारलं, "काका, किती खर्च आला?"

मी साठ हजार सांगितले.