टेकडीवर जाणारी सायकल घेताना

पुण्याला पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा दाखवतो, सारसबागेत नेतो आणि सदाशिव पेठेतून चालवत आणताना दारावरच्या पाट्या वाचून दाखवतो. पाहुणे हसतात, आपणही हसतो. पण मैत्रिणींनो, ही पेठ खरी पाहायची असेल तर एखाद्या रविवारी पहाटे सहाच्या आत बाहेर पडा. दुधाच्या पिशव्या दाराला लागलेल्या असतात, भिकारदास मारुतीपुढे कुणी आजोबा चपला काढून हात जोडत असतात, आणि जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या पार्किंगमधून एकेक सायकल बाहेर निघत असते. जाड खरबरीत टायर, रुंद हँडल, पुढे शॉकअप, एखादीला मागेही शॉकअप. ना मडगार्ड, ना कॅरिअर! या सायकली दूध आणायला निघालेल्या नसतात. त्या टिळक रस्त्यावरून, स. प. महाविद्यालयावरून, सारसबागेला वळसा घालून टेकडीकडे जातात.

हल्ली त्या सायकलींवर मुलांबरोबर त्यांच्या आयाही दिसतात. म्हणूनच आज ही सायकल कशी निवडायची ते सांगायचे आहे. मुलासाठी घ्या नाहीतर स्वतःसाठी; पैसे घरातलेच जातात ना!

ज्या भाऊसाहेबांच्या नावाने ही पेठ ओळखली जाते, ते सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर लढताना पडले. पुढे पुणेकरांचा घोडा म्हणजे सायकल झाली. पालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलिसाची शिट्टी, डबलसीटचा दंड, तासावर भाड्याने मिळणारी सायकल, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, तासभर बोलतील. मुली मधली नळी नसलेल्या लेडीज सायकलवरून शाळा-कॉलेजला जात. लग्न झाले की ती सायकल धाकट्या बहिणीकडे जाई, नाहीतर माळ्यावर. मग स्कूटर आल्या आणि सायकलींचे शहर मोटारसायकलींचे झाले. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखानाही २०२० साली बंद पडला. पुण्यात भाड्याच्या सार्वजनिक सायकली २०१७ साली मोठ्या थाटात आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. टेकडीची सायकल मात्र याच सुमारास पेठेत रुजली.

हिचे माहेर तसे लांबचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या जड सायकली डोंगरउतारावरून सोडायचे. त्यांच्यातल्या जो ब्रीझ याने १९७७ साली खास डोंगरासाठी चौकट बांधली. पुढे १९८१ मध्ये अशा सायकली कारखान्यातून विकायला आल्या आणि १९८९ च्या सुमारास पुढच्या चिमट्याला शॉकअप बसले. मागचे शॉकअप सर्रास व्हायला आणखी काही वर्षे गेली. ज्या सायकलीला पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप, तिला फुल सस्पेन्शन म्हणतात. फक्त पुढेच असले तर हार्डटेल. दुकानात जाण्याआधी हे दोन शब्द ध्यानात ठेवा.

आता सायकल निवडण्याआधी आपली वाट पाहायला हवी. चपलासुद्धा आपण कुठे जायचे ते ठरवून घेतो, नाही का? आपल्याकडच्या टेकड्या, म्हणजे पर्वतीमागची तळजाई, पाषाण-कोथरूडच्या मधली वेताळ टेकडी, पुढे सिंहगडाचा परिसर, या सगळ्या काळ्या पाषाणाच्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. तो झिजून मुरूम होतो, आणि मुरमावर टायर सरकतो. पावसाळ्यात पाण्याने पायवाटेच्या मधोमध घळ्या पडतात. मध्येच सुटे दगडगोटे, उघडी पडलेली झाडांची मुळे, टेकडीच्या कडेला खडी चढण. उंच उड्या मारायची जागा फारशी नाही. दणके मात्र पावलोपावली.

दणक्यावर शॉकअप काय करते? चाक दगडावर चढले की ते दबते, पलीकडे उतरले की पुन्हा उघडते. त्यामुळे चाक जमिनीला धरून राहते, ब्रेक लागतो, आणि दणका कंबरेपर्यंत पोचत नाही. मागचे शॉकअप उतारावर फार सुख देते, यात शंका नाही. पण त्याची दुसरी बाजूही ऐका. चढावर पाय मारताना हलक्या प्रतीचे शॉकअप प्रत्येक पायडलला खालीवर होते. तुमची निम्मी ताकद चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जिरल्यासारखी वाटते. चांगल्या सायकलीत ते आवळून ठेवायची कळ असते, किंवा सांध्यांची रचनाच अशी केलेली असते की पाय मारताना ते कमी दबते.

आणि हीच तर पैशांची गोम आहे. बाजारात पंधरा-वीस हजारांच्या आतबाहेर ‘दोन शॉकअपवाली’ सायकल मिळते. दिसायला अगदी रुबाबदार, मुले तिच्यावरच बोट ठेवतात. पण एवढ्या पैशांत दोन शॉकअप, मागच्या सांध्यांची बेअरिंगे, गिअर, ब्रेक हे सगळे चांगले बसवणे कुणालाच परवडत नाही. मग सगळ्यातच काटकसर होते. चौकट जड लोखंडी, शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग, सांधे वर्षभरात खुळखुळणारे. खऱ्या टेकडीच्या फुल सस्पेन्शन सायकली साधारण लाखाच्या घरात सुरू होतात. उलट पंचवीस ते चाळीस हजारांत बरी हार्डटेल मिळते, कारण मागच्या शॉकअपचे वाचलेले पैसे पुढचा चिमटा, ब्रेक आणि गिअर यांत गेलेले असतात. तेव्हा हिशेब सरळ आहे. हातात तीस-चाळीस हजार असतील तर मागच्या शॉकअपचा मोह सोडा आणि उत्तम हार्डटेल घ्या. लाखभर बाजूला काढता येत असतील आणि दर आठवड्याला टेकडी होणार असेल, तरच फुल सस्पेन्शनचा विचार करा.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याचे बोलणे जरूर ऐका, पण हात सायकलीवर ठेवा. भाजी आपण दाबून घेतो, तसेच हे.

पहिले, सायकल उचलून पाहा. स्वस्तातली दोन शॉकअपवाली अठरा-वीस किलोंपर्यंत भरते. चांगली चौदा-पंधराच्या आसपास असते. पेठेतल्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर रोज काय चढवायचे, ते आधीच ठरवा.

दुसरे, सीटवर बसा आणि शॉकअप किती दबते ते बघा. नुसते बसल्यावर मागचे शॉकअप त्याच्या एकंदर प्रवासाच्या पाव हिश्शाएवढे, फार तर तीस टक्के दबावे. अजिबात दबले नाही तर ते तुमच्या वजनाला कडक. निम्मे बसले तर फार मऊ. हवेच्या शॉकअपमध्ये छोट्या पंपाने हवा कमीजास्त करून हे जमवता येते. स्प्रिंगच्या शॉकअपला बहुधा आटे असलेले कडे असते. पण त्याने थोडाच फरक पडतो, मुळात स्प्रिंगच वजनाला साजेशी हवी. आपल्याकडे पन्नास-पंचावन्न किलोंच्या बाईला पुरुषाच्या वजनाची सायकल सर्रास दिली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

तिसरे, मागचे चाक धरून आडवे हलवा. सांध्यात टकटक लागली तर नवी असो की जुनी, तिथेच सोडा. शॉकअपचे आणि बेअरिंगचे सुटे भाग पुण्यात मिळतात का, दुरुस्ती कोण करतो, हेही तिथेच विचारून घ्या.

चौथे, ब्रेक डिस्कचेच हवेत. रिमला घासणाऱ्या ब्रेकमध्ये चिखल भरला की उतारावर जीव टांगणीला लागतो. तारेचे डिस्क ब्रेक चालतात. तेलाचे असतील तर दोन बोटांनी लागतात, आणि लहान हाताच्या बाईला तो फरक पहिल्याच उतारावर कळतो.

पाचवे, माप. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. पाय जमिनीवर सपाट टेकून मधल्या नळीच्या वर दोन-तीन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. पाच फूट उंचीच्या बाईला बहुतेक स्मॉल किंवा एक्स्ट्रा स्मॉल माप लागते. ‘सीट खाली करून देतो’ म्हणतील, पण सीट खाली केल्याने नळी आखूड होत नाही!

सहावे, गिअर. चढासाठी पुढचे चक्र लहान आणि मागचे मोठे हवे. किती गिअर आहेत हे विचारण्यापेक्षा मागचे सर्वांत मोठे चक्र दाखवा म्हणा.

जुनी सायकल मिळत असेल तर नाक मुरडू नका. हौसेने घेतलेली आणि चार फेऱ्यांनंतर पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली चांगली सायकल निम्म्या पैशांत मिळू शकते. फक्त वेल्डिंगच्या जागी चीर नाही ना, शॉकअपमधून तेल झिरपत नाही ना, चिमट्याच्या चकचकीत दांड्यांवर ओरखडे नाहीत ना, हे उजेडात पाहा. ओव्हरऑइलिंग आणि शॉकअपच्या दुरुस्तीसाठी चार-पाच हजार वेगळे ठेवा. साधारण पन्नास तास चालवली की चिमटा उघडून साफ करावा लागतो. हेल्मेटचे पैसे मात्र आधी बाजूला काढा, मग सायकलीचे बजेट ठरवा.

आता सगळ्यात अवघड सांधा, घरातला! मुलाने तीस हजारांची सायकल मागितली तर ‘व्यायाम होईल’ म्हणून आपणच शिफारस करतो. तीच सायकल आईने स्वतःसाठी मागितली तर ‘आता या वयात?’ असा प्रश्न येतो, आणि खरे सांगायचे तर तो आधी आपल्याच मनात येतो. भिशीचे पैसे आले की कुणाची फी, कुणाचा चष्मा, असे आपण वाटून टाकतो. त्यात आपल्या नावाचा एक वाटा असावा की नाही? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. आपल्याला तळजाईपर्यंतच जायचे आहे हो. रविवारचे दोन तास, ज्यात कुणाचा डबा नाही आणि कुणाची हाक नाही, यांची किंमत घरातल्या कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. ती तुम्हीच लिहा. कुणी विचारले तर वर सांगितलेला हिशेब मांडा. नीट मांडलेल्या हिशेबापुढे सदाशिव पेठेतला माणूस सहसा वाद घालत नाही.

पहिल्याच दिवशी वेताळ टेकडी नको. सारसबागेवरून सहकारनगरमार्गे तळजाईपर्यंत डांबरी रस्त्याने जा, गिअर सवयीचे होऊ द्या. वनखात्याची पाटी असेल तिथे सायकल नेता येते का ते वाचा. पाटी वाचायला पुणेकराला शिकवायला नकोच. पायवाट आधी चालणाऱ्यांची, म्हणून आजी-आजोबा दिसले की उतरून वाट द्या. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस ओल्या वाटेवर जाऊ नका. चाकोऱ्या पडतात आणि पुढच्या पावसात त्यांच्याच घळ्या होतात. ओढणी घरी ठेवा, पंक्चरचे सामान बरोबर ठेवा, सोबतीला एक मैत्रीण घ्या. मणक्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शॉकअप म्हणजे औषध नव्हे.

घरी आल्यावर सायकलीवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरते. ओल्या फडक्याने पुसा, चेनवर चार थेंब तेल सोडा आणि जास्तीचे टिपून घ्या.

आणि एखाद्या दिवशी परतताना पर्वतीच्या पायथ्याशी सायकलींना कुलूप लावून पायऱ्या चढा. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेब पेशव्यांनी १७६१ च्या जूनमध्ये इथेच देह ठेवला. वरून शहर पाहताना खाली सदाशिव पेठ शोधा, त्यात आपले छप्पर शोधा. एवढ्या लांबून घर फार लहान दिसते, आणि तिथवर आपण आपल्या पायांच्या जोरावर आलेल्या असतो.