निगा

वणवा आणि मोटारसायकल यांचा एकमेकांशीं काय संबंध, असें कोणी विचारल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. एक रानांतला, दुसरी रस्त्यावरची. एक अनादि काळापासून चालत आलेला, दुसरी कालपरवांची. परंतु जो मनुष्य उन्हाळ्याच्या दिवसांत खेड तालुक्यांत राहतो, त्यास हीं दोन्हीं एकाच कुळांतलीं आहेत हें समजावून सांगावें लागत नाहीं. इंधन, हवा आणि ठिणगी या तिघांची गांठ पडली कीं ज्वाला उत्पन्न होते, हा नियम रसाळगडाच्या उतारावरील वाळल्या गवतास जितका लागू, तितकाच गाडीच्या सिलिंडरासही लागू. भेद एवढाच कीं, सिलिंडरांतील ज्वालेस भिंत आहे, माप आहे आणि वेळ आहे. डोंगरावरील ज्वालेस यांपैकीं कांहींच नाहीं.

आमच्या कोंकणांत वणवा लागतो याचें परक्या मनुष्यास आश्चर्य वाटतें. जेथें वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथें आग कसली? पण या प्रश्नाचें उत्तर त्या पावसांतच आहे. त्याच्याच जोरावर गवत पुरुषभर वाढतें. दिवाळीनंतर तें पिवळें पडतें. जांभ्याच्या सड्यावर ओल टिकत नाहीं. आणि शिमगा येईतों सारा डोंगर सरपण होऊन बसतो. दुपारीं समुद्राकडून वारा सुटला म्हणजे आग चढणीनें वर धांवते, कारण खालची ज्वाला वरच्या गवतास आधींच तापवून ठेवते. कालिदासानें ऋतुसंहारांत ग्रीष्माबरोबर वणव्याचेंही वर्णन केलें आहे, आणि वर्गांत तें वाचतांना मोठें रम्य वाटतें. भरणे नाक्यावरून रात्रीं डोंगरावरची ती तांबडी रेघ पाहतांनाही क्षणभर तसेंच वाटतें. पण त्या रेघेखालीं कोणाची काजूची बाग आहे हें कळलें, कीं अलंकारशास्त्र सुचत नाहीं.

हे वणवे बहुधा आपोआप लागत नाहींत. कोठें विडीचें थोटूक पडतें, कोठें गवत चांगलें फुटेल या समजुतीनें कोणी काडी लावतो, कोठें दाढ भाजतांना आग हातांतून निसटते. दाढ भाजण्याची चाल मूर्खपणाची आहे, असें शहरी विद्वानांप्रमाणें आम्ही म्हणणार नाहीं. भाताचें रोप करावयाच्या जागीं कवळ, पातेरा, शेण पसरून भाजलें म्हणजे तणाचें बीं मरतें व रोप जोमानें उठतें, हें अनुभवाचें शहाणपण आहे. मात्र पूर्वीं दाढ भाजतांना भोंवतालचा पातेरा झाडून, हातांत हिरवा टाळा घेऊन उभीं राहणारीं चार माणसें घरोघर असत. आज तीं मुंबईस आहेत. उलट डोंगर मात्र पूर्वींचा उघडा डोंगर राहिला नाहीं. १९९० सालीं सुरूं झालेल्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेनें त्यावर आंब्याचीं व काजूचीं कलमें उभीं राहिलीं. पूर्वीं वणव्यांत गवत जळे. आतां पंधरा वर्षांची मेहनत जळते.

आतां मोटारसायकलीकडे वळूं. येथील वाडीवस्तीस ती चैनीची वस्तु नाहीं. एस. टी. चुकलेल्या विद्यार्थ्यास, बाळंतिणीच्या औषधास, गॅसच्या टाकीस, काजूच्या पोत्यास तीच वाहन आहे. साहजिकच नाक्यावरच्या गॅरेजांत आमचा पुष्कळ वेळ जातो. तांबडी धूळ हवेच्या फिल्टरांत बसते. घाटाचे चढ क्लचप्लेटी खातात. पावसाळा साखळीस गंज चढवितो. २२ जुलै २०२१ रोजीं जगबुडीचें पाणी बाजारपेठेंत शिरलें, त्यानंतर चिखलानें भरलेल्या गाड्यांची तेथें रांग लागली होती. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर कार्बुरेटर जाऊन नवें यंत्र आलें, तेंही मेस्त्री शिकला. एकदां मुंबईहून आलेल्या एका गृहस्थाची गाडी उघडून तो म्हणाला, “अहो, वेळेवर ऑइल बदललं असतंत, तर पिस्टन कशाला गेला असता?” रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकानें १९७४ सालीं मोटारसायकलीच्या देखभालीच्या निमित्तानें तत्त्वज्ञानाचा एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. मेस्त्रीनें तो वाचलेला नाहीं, आणि त्यावांचून त्याचें कांहीं अडलेलेंही नाहीं.

गेल्या फाल्गुनांत एका दुपारीं त्याच गॅरेजांत फोन वाजला. वरच्या वाडीच्या मागें आग लागली होती. पाने जेथल्या तेथें टाकून, चालूं स्थितींतल्या सगळ्या गाड्या काढून, दोघे दोघे बसून सारीं पोरें निघालीं; एकाच्या मागें आम्हीही बसलों. वाडींत बारा घरांपैकीं आठांस कुलुपें होतीं. पोरांनीं ओल्या टाळ्यांनीं झोडपून काळोख पडेपर्यंत आग गडग्यापाशीं अडविली. अर्धी बाग वांचली, अर्धी करपली. त्या बागेची मालकीण सत्तरी ओलांडलेली होती. ती रडली नाहीं. इतकेंच म्हणाली, “बागच गेली, तर पोरगा कशाला येतोय परत?”

हें वाक्य ऐकल्यापासून आम्ही वणव्याचा हिशेब झाडांत करीत नाहीं. त्या काजूंच्या उत्पन्नावर एका कुटुंबाचें परतणें टांगलेलें होतें. आणि अशा अर्ध्या जळालेल्या बागा दरवर्षीं कितीतरी गांवांतून दिसतात.

कायदा आहे. राखीव जंगलास आग लावणें १९२७ च्या वन कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. यंत्रेंही आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्यानें आगी हुडकून वनखात्यास कळवीत आली आहे. परंतु रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुतेक रान खासगी मालकीचें. आकाशांतून सूचना आली तरी टाळा धरणारा हात जमिनीवरच लागतो. त्याहून बरें म्हणजे आग लागण्यापूर्वींच बागेभोंवतीं गवत कापून, वारा पडलेला पाहून, माणसें उभीं करून पट्टा जाळून ठेवावा. यासच जाळरेषा म्हणतात. इंजिनास वेळेवर ऑइल, तशी डोंगरास जाळरेषा. दोहोंसही खर्च थोडा, आणि दोहोंचीही आठवण वेळ निघून गेल्यावर होते.

आमचे चाकरमानी बंधु गणपतीस येतात, शिमग्यास येतात. त्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु शिमग्यास डोंगर वाळून गेलेला असतो. त्यांनीं मार्गशीर्ष-पौषांत आणखी दोन दिवसांची रजा काढावी, कोयता घ्यावा, आणि आपल्या बागेबरोबर कुलूप लागलेल्या शेजाऱ्याच्या बागेभोंवतींही पट्टा काढावा. गाडी बिघडली तर मेस्त्री नाक्यावर आहेच. डोंगरासाठीं मात्र दुसरा मेस्त्री नाहीं.